सिनेटरच्या ऑफिसकडे मदत कशी मागायची: अमेरिकेत नव्यानं आलेल्यांसाठी

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना कुणीतरी हळूच बाजूला घेतं आणि विचारतं, "ताई, सिनेटरच्या ऑफिसात तुमची कुणाशी ओळख आहे का?" कुणाचं वर्क परमिट अडकलेलं असतं, कुणाचा टॅक्स रिफंड, तर कुणाच्या आईची सोशल सिक्युरिटीची फाइल. मी न्यू जर्सीत राहते आणि गेली बारा वर्षं मंडळातल्या लोकांना हे अर्ज भरायला मदत करते. प्रत्येकाला मी एकच सांगते: ओळख लागत नाही. कुणाची चिठ्ठी लागत नाही, देणगी लागत नाही, मतदानाचा हक्कसुद्धा लागत नाही. तुम्ही त्या राज्यात राहता एवढं पुरतं. लागतो तो सही केलेला एक फॉर्म, आणि आपली अडचण अर्ध्या पानात मांडता येणं. हा लेख त्या दोन गोष्टींसाठी आहे.

हे काम नेमकं काय असतं

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर असतात, देशात एकूण १००. शिवाय कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, तुमच्या मतदारसंघाचा एक काँग्रेस प्रतिनिधी, अशा ४३५ जणांपैकी एक. म्हणजे तुमच्यासाठी तीन ऑफिसं उघडी आहेत. यातल्या प्रत्येक ऑफिसात केसवर्कर नावाची माणसं असतात. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खात्यांकडे अडकलेल्या लोकांच्या कामांचा पाठपुरावा करणं हीच त्यांची नोकरी. ती बहुतेक वॉशिंग्टनमध्ये नसतात, राज्यातल्या ऑफिसात बसतात. या कामाचा एक पैसाही लागत नाही. सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क १७९१ सालच्या पहिल्या घटनादुरुस्तीतच लिहिलेला आहे, त्यामुळे फोन करताना अजिबात संकोच करू नका.

काम चालतं ते असं. मोठ्या फेडरल खात्यांमध्ये काँग्रेसकडून आलेल्या चौकशांसाठी वेगळा विभाग असतो. केसवर्कर तुमची चौकशी तिथं पाठवते, तिथलं कुणीतरी तुमची फाइल उघडून बघतं आणि लेखी उत्तर देतं. कित्येकदा फाइल उघडली गेली एवढ्यानंच काम हलतं, कारण ती कुठल्यातरी टप्प्यावर नुसतीच पडून राहिलेली असते. पण ऑफिस तुम्हाला उत्तर मिळवून देतं, निकाल देत नाही. मंजुरी की नामंजुरी हे खातंच ठरवतं.

आपल्याकडे आमदाराचं पत्र घेऊन तहसीलदाराकडे गेलेल्या माणसाला हा फरक सुरुवातीला खटकतो. तो इतका काटेकोरपणे का पाळला जातो त्यामागे एक घटना आहे. १९८७ साली पाच सिनेटरांनी चार्ल्स कीटिंग या लिंकन सेव्हिंग्ज बँकेच्या मालकासाठी बँक नियामकांबरोबर बैठका घेतल्या. कीटिंगनं त्यांच्या निवडणुकांना आणि त्यांच्याशी संबंधित कामांना भरपूर पैसा दिलेला होता. १९८९ मध्ये लिंकन बुडाली आणि हजारो लोकांची, त्यात कितीतरी म्हाताऱ्या माणसांची, आयुष्यभराची पुंजी गेली. सिनेटच्या नीतिमत्ता समितीनं चौकशी केली, आणि १९९२ मध्ये सिनेटनं त्रेचाळिसावा नियम केला. सिनेटरनं लोकांच्या वतीनं खात्याकडे काय करावं ते त्यात लिहिलं आहे: सद्यःस्थिती विचारावी, लवकर विचार करण्याची विनंती करावी, भेटीची वेळ ठरवून द्यावी, आणि खात्याचा एखादा निर्णय कायद्याला किंवा नियमांना धरून नाही असं वाटलं तर फेरविचार मागावा. देणगी बघून मदत करायची नाही, हेही त्याच नियमात आहे. म्हणून केसवर्कर फोनवर मोजूनमापून बोलते. ती टाळत नसते, तिला तेवढंच बोलण्याची मुभा असते.

आधी बघा, काम फेडरल आहे का

निम्मे लोक इथंच चुकीच्या दारात जातात. इमिग्रेशन, पासपोर्ट, व्हिसा, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, फेडरल इन्कम टॅक्स, टपाल, माजी सैनिकांचे लाभ, फेडरल स्टुडंट लोन, वादळ-पुरानंतरची फेमाची (फेडरल आपत्ती खात्याची) मदत ही फेडरल कामं. ड्रायव्हिंग लायसन्स, बेकारी भत्ता, डॉक्टर-नर्सची लायसन्सं ही राज्याची. त्यांसाठी राज्याच्या विधिमंडळातला आमदार गाठायचा. घरपट्टी, शाळा, रस्त्यातले खड्डे गावाच्या पातळीवर. घरमालकाशी किंवा कंपनीशी असलेल्या भांडणात सिनेटर येत नाही, आणि कोर्टात असलेल्या प्रकरणाला तर हातच लावत नाही. भारतीय पासपोर्ट आणि ओसीआय ही भारत सरकारची कामं आहेत, तिथं भारतीय वकिलातीकडेच जावं लागतं. हे विचारणारं दर महिन्याला कुणीतरी भेटतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

स्वतः दार ठोठावून घ्या

केसवर्करचा पहिला प्रश्न असतो: तुम्ही स्वतः काय केलंत? त्याचं उत्तर तयार ठेवा. इमिग्रेशनच्या बाबतीत यूएससीआयएसच्या, म्हणजे हे अर्ज तपासणाऱ्या खात्याच्या, संकेतस्थळावर प्रत्येक फॉर्मचा सध्याचा प्रक्रियेचा काळ दिलेला असतो. तुमच्या रिसीटवरची, म्हणजे अर्ज मिळाल्याच्या पोचपावतीवरची, तारीख घातली की चौकशी कधीपासून करता येईल ती तारीख समोर येते. ती उलटायच्या आधी सिनेटरकडे गेलात तर "प्रकरण नेहमीच्या मुदतीत आहे" एवढी एक ओळ परत येईल. तारीख उलटली की आधी तिथंच ऑनलाइन चौकशी टाका आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. फोन केला तर कधी केला, काय सांगितलं, क्रमांक काय दिला, हे एका वहीत. माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी वही आणायला सांगते, मग चहा.

टॅक्सचं काम असेल तर आयआरएसच्या, म्हणजे फेडरल टॅक्स खात्याच्या, आतच टॅक्सपेयर ॲडव्होकेट नावाची स्वतंत्र शाखा आहे. फॉर्म ९११ भरून तुम्ही थेट तिच्याकडे जाऊ शकता. रिफंड अडकल्यामुळे घरभाडं थकलं असेल, वीज तुटायची वेळ आली असेल, तर ते स्पष्ट लिहा आणि कागद जोडा. सिनेटरकडून गेलेली टॅक्सची चौकशीही सहसा याच शाखेकडे पोहोचते.

एकच ऑफिस निवडा

दोन्ही सिनेटर आणि काँग्रेस प्रतिनिधी, तिघांकडे एकदम अर्ज टाकला की काम तिप्पट वेगानं होईल असं वाटतं. होतं उलटं. एकाच फाइलवर तीन चौकशा येतात, खातं एकाला उत्तर देतं, उरलेल्या दोघांना तेच उत्तर पाठवलं जातं, आणि ऑफिसं एकमेकांना विचारत बसतात की हे प्रकरण नक्की कुणाकडे आहे. एक निवडा, त्याच्याकडेच राहा. तिथं खरोखरच अडलं तर त्यांना सांगून दुसरीकडे जा.

सिनेटर की प्रतिनिधी? माझा अनुभव असा की काँग्रेस प्रतिनिधीचं ऑफिस जवळ असतं आणि छोटं असतं, फोन लवकर उचलला जातो. सिनेटरच्या ऑफिसात माणसं जास्त, आणि एकेक केसवर्कर एकाच खात्याचं काम वर्षानुवर्षं बघत असते, त्यामुळे गुंतागुंतीच्या इमिग्रेशनच्या कामात मी तिकडे पाठवते. पक्ष बघू नका. (मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून निवडून आलेले प्रतिनिधी श्री ठाणेदार हे आपल्या बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे. पण तुम्ही त्या मतदारसंघात राहत नसाल तर तुमची केस त्यांच्याकडे जात नाही. मराठी माणूस म्हणून त्यांनाच लिहू का, असं विचारणारे असतात.)

सिनेटरच्या संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट जीओव्ही'नं संपतो, ते तपासून घ्या. तिथं सर्व्हिसेस किंवा 'हेल्प विथ अ फेडरल एजन्सी' असं पान असतं. इंटरनेट जमत नसेल तर कॅपिटॉलच्या स्विचबोर्डला २०२-२२४-३१२१ वर फोन करा, राज्याचं नाव सांगा, ते सिनेटरच्या ऑफिसला जोडून देतात. तिथून राज्यातल्या ऑफिसचा नंबर मागून घ्या. पैसे घेऊन सिनेटरकडून काम करून देतो म्हणणारा कुणीही भेटला तर तो फसवणारा आहे.

सहीचा फॉर्म

१९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टमुळे तुमच्या लेखी संमतीशिवाय खातं तुमची माहिती सिनेटरलाही देऊ शकत नाही. म्हणून प्रायव्हसी रिलीज फॉर्म. २०१९ च्या एका कायद्यानं खात्यांना ही संमती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही स्वीकारायला सांगितलं आहे. तरी तुमच्या ऑफिसचा फॉर्म जे मागतो तेच द्या.

खरी अडचण कुणाची सही हवी, इथं येते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या नवऱ्याच्या अर्जासाठी फॉर्म मी भरला आणि सहीही मीच केली. घरातलेच आहोत, काय फरक पडतो, असं वाटलं. तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला. ज्याचा अर्ज त्याचीच सही, नवरा-बायको असलं तरी. आईवडिलांच्या कामात त्यांची सही, अठरा वर्षांवरच्या मुलाच्या कामात मुलाची.

एच-१बीवर असलेल्यांनी तर हे जास्तच लक्षात घ्यावं. एच-१बीचा अर्ज आणि ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-१४० हे दोन्ही तुमच्या कंपनीनं केलेले असतात. कायद्यानं अर्जदार कंपनी आहे, म्हणून त्यांबद्दल चौकशी करायला कंपनीची संमती मागितली जाते. ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज आय-४८५, वर्क परमिटचा आय-७६५, प्रवास परवान्याचा आय-१३१ हे तुमचे स्वतःचे अर्ज, तिथं तुमची सही चालते. वकील नेमलेला असेल तर त्याला आधी कळवा.

नाव लिहिताना घाई नको. आपल्याकडे लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, असं सगळं असतं. अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि इथल्या कागदावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं. फॉर्मवर तुम्हाला आवडतं ते नाव लिहू नका. खात्यानं पाठवलेल्या रिसीटवर जसं आहे अगदी तसं लिहा, आणि दुसरी नावं खाली वेगळी द्या. तारीख अमेरिकन पद्धतीनं, आधी महिना मग दिवस. ०५/०८ म्हणजे इथं ८ मे. हाताला ५ ऑगस्टची सवय असते, आणि जन्मतारीख जुळली नाही की फाइल सापडत नाही. इमिग्रेशनच्या रिसीट नंबरात तीन अक्षरं आणि दहा आकडे असतात, एकूण तेरा. मोजून बघा. ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यानं तुम्हाला दिलेला नोंदणी क्रमांक, असेल तर तोही द्या.

पत्र

एक निवृत्त शिक्षक काका चार पानी पत्र घेऊन आले होते. सुंदर अक्षर, सगळा जीवनक्रम, मुलगा इथं कसा आला, नातवाची मुंज कधी आहे. प्रत्येक शब्द खरा होता आणि मला ते वाचताना भरून आलं. पण रिसीट नंबर चौथ्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत. केसवर्करच्या टेबलावर अशा कितीतरी फाइली असतात. तिला पहिल्या पाच ओळींत कोण, काय, कधी, आणि काय हवं हे दिसलं पाहिजे.

आम्ही ते पत्र बसून पुन्हा लिहिलं. त्या धर्तीवर, नागरिकत्वाच्या अर्जाचा एक नमुना देते. लिहायचं इंग्रजीत, मजकूर असा:

"माझा नागरिकत्वाचा अर्ज, फॉर्म एन-४००, १२ मार्च रोजी दाखल झाला. रिसीट नंबर आणि ए-नंबर वर दिले आहेत. ९ सप्टेंबरला मुलाखत झाली. इंग्रजी आणि नागरिकशास्त्राच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचा फॉर्म एन-६५२ अधिकाऱ्यांनी दिला, त्याची प्रत जोडली आहे. त्यानंतर निर्णय आलेला नाही. २ फेब्रुवारीला मी ऑनलाइन चौकशी केली, २० फेब्रुवारीला फोन केला. दोन्ही चौकशी क्रमांक खाली आहेत. दोन्ही वेळा 'तपासणी चालू आहे' असं उत्तर मिळालं. निर्णय कशासाठी थांबला आहे आणि माझ्याकडून काही कागद हवे आहेत का, हे कृपया विचारावं."

बस, एवढंच. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. "कृपया मदत करा" असं लिहिलं तर केसवर्करला काय विचारायचं ते कळत नाही. एक नेमका प्रश्न दिला तर ती तो जसाच्या तसा पुढे पाठवू शकते. अडचण गंभीर असेल, नोकरी जाणार असेल, घरी आजारपण असेल, तर ते दोन ओळींत लिहा आणि त्याचा कागद जोडा. या नमुन्यातल्या प्रकरणात आणखी एक वाट आहे: मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही तर कायद्यानं फेडरल कोर्टात जाता येतं. तो सल्ला मात्र वकिलाकडूनच घ्यावा, आणि कोर्टात गेलात की सिनेटरचं ऑफिस बाजूला होतं हे धरून चाला.

पाठवल्यानंतर

काही दिवसांत केसवर्करचा ईमेल किंवा फोन येतो. तिचं नाव आणि थेट नंबर जपून ठेवा, पुढचं सगळं तिच्याशीच. खात्याकडून उत्तर यायला साधारण तीस दिवस धरा, काही खात्यांत जास्त. महिन्याभरानं एक छोटा ईमेल करावा. रोज फोन करून काम पुढे सरकत नाही.

एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते. सिनेटरची चौकशी चालू आहे म्हणून तुमच्या कुठल्याही मुदती थांबत नाहीत. खात्यानं जास्तीचे पुरावे मागितले, बोटांच्या ठशांसाठी बोलावलं, अपिलाची तारीख दिली, तर ते तुम्हीच वेळेत करायचं आणि केसवर्करला कळवायचं. "सिनेटरकडे दिलंय" म्हणून टपाल न उघडता ठेवणारा माणूस मी पाहिला आहे. त्याची मुदत गेली.

अनेकांना भीती असते की चौकशी केली तर खातं डूख धरेल. स्थिती विचारल्यामुळे अर्ज नामंजूर होत नाही. पण व्हिसाची मुदत संपून गेली असेल, हद्दपारीची नोटीस आली असेल, जुनं पोलिसी प्रकरण असेल, तर फाइल उघडायला लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. इथं मी कुणालाही फॉर्म भरून देत नाही.

गावाहून फोन येतो तेव्हा

रात्री दोनला साताऱ्याहून फोन येतो, वडील आयसीयूत आहेत. तुम्ही अमेरिकन नागरिक असाल आणि पासपोर्ट संपलेला असेल, किंवा लेकराचा काढलेलाच नसेल, तर आधी परराष्ट्र खात्याच्या पासपोर्ट केंद्राला १-८७७-४८७-२७७८ वर फोन लावा. जवळच्या नातलगाचा मृत्यू किंवा जीवघेणं आजारपण आणि दोन आठवड्यांच्या आत प्रवास, अशांसाठी तातडीची सोय आहे. आईवडील, मुलं, नवरा-बायको, भावंडं, आजी-आजोबा यात धरले जातात. मामा, काकू, आत्या धरले जात नाहीत. आपल्या घरात आत्यानं वाढवलेलं असतं, पण नियम तसा आहे. भेटीची वेळ मिळत नसेल तर त्याच सकाळी सिनेटरच्या किंवा प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करा. अशा कामात ही ऑफिसं झपाट्यानं धावतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

हॉस्पिटलचा कागद मात्र तुम्हालाच मिळवावा लागतो. भावाला सांगा: हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, रुग्णाचं पूर्ण नाव, प्रकृती गंभीर असल्याचं स्पष्ट वाक्य, तारीख, डॉक्टरची सही. केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तर त्याचा उपयोग होत नाही, आणि मराठीतला दाखला असेल तर भाषांतर करण्यात दिवस जातो.

उलट दिशेनं, आईवडिलांना इकडे आणायचं असेल आणि मुंबईच्या वकिलातीतून व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला असेल, तर सिनेटर तो निर्णय फिरवू शकत नाही. 'परत जाण्याची खात्री पटली नाही' म्हणून कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली नकार आला असेल तर पुन्हा अर्ज करणं एवढीच वाट असते. पासपोर्ट ठेवून घेऊन २२१(जी) चा, म्हणजे निर्णय अजून बाकी असल्याचा, कागद दिला असेल आणि महिने लोटले असतील, तर मात्र स्थिती विचारण्यासाठी ऑफिसची मदत घ्या.

ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल

हा प्रश्न सगळ्यांत दुखरा. भारतात जन्मलेल्यांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतला नंबर ठरवणारी तारीख, पुढे सरकवून देणं कुठल्याही सिनेटरच्या ऑफिसच्या हातात नाही. मर्यादित संख्येतल्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाच्या वाट्याला दरवर्षी साधारण जास्तीत जास्त सात टक्के, हे कायद्यानंच ठरलेलं आहे, आणि कुठल्या तारखेपर्यंत रांग आली ते सांगणारं परराष्ट्र खात्याचं दर महिन्याचं पत्रक, व्हिसा बुलेटिन, त्याच हिशेबानं निघतं. केसवर्करला हे लिहून उपयोग नाही. त्यासाठी त्याच ऑफिसात वेगळी माणसं असतात, कायद्याच्या मसुद्यांवर काम करणारी; संकेतस्थळावर मत कळवण्याचा वेगळा फॉर्म असतो, तो भरा. २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहानं ही मर्यादा काढण्याचं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनंही आपला मसुदा मंजूर केला, पण दोन्ही मसुदे वेगळे राहिले आणि कायदा झाला नाही. तेव्हा कित्येक सिनेटरांच्या ऑफिसात फोन करणाऱ्यांमध्ये आपली मराठी मुलंही होती. तुमची तारीख आली असूनही अर्ज हलत नसेल तर गोष्ट वेगळी, ती केसवर्करची.

काम झालं की तिला दोन ओळी लिहून कळवा, म्हणजे ती फाइल बंद करते. मध्येच घर बदललं तर दहा दिवसांत यूएससीआयएसला नवा पत्ता कळवावा लागतो, फॉर्म एआर-११, तो ऑनलाइन भरता येतो. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे तिथं बदलत नाही. आणि राज्यच बदललं तर सिनेटरही बदलतात. जुन्या ऑफिसला आलेल्या उत्तरांच्या प्रती मागून घ्या, नव्या राज्यातल्या ऑफिसचा फॉर्म भरा, आणि पत्राच्या पहिल्या ओळीत लिहा की ही चौकशी आधी कुणाकडे होती.